दाद न देणारा हिवताप आणि झाडपाल्याची परीक्षा

पुण्यात मंडईच्या परिसरातल्या काष्ठौषधींच्या दुकानात काडेचिराईत मागितले, की जुना जाणकार दुकानदार पुडी बांधण्याआधी विचारतो, “हिमालयातले देऊ की इकडचे?” प्रश्न भावाचा वाटतो, पण तो त्याहून मोठा आहे. हिमालयातले चिराईत म्हणजे स्वर्टिया. ते महाग असते आणि त्याचा पुरवठाही तोकडा पडतो, त्यामुळे त्याच्या नावावर पुष्कळदा अँड्रोग्रॅफिस, म्हणजे आपल्याकडचे ओले चिराईत, विकले जाते. दोन्ही कडूजहर, दोन्ही तापावर दिली जातात आणि वाळलेल्या काड्यांच्या जुडीत नवख्याला दोन्ही सारखीच दिसतात. प्रत्यक्षात दुसरी वनस्पती अडुळशाच्या कुळातली आहे, पहिलीचे कूळ निराळे आहे आणि दोघींमधली रसायनेही निराळी आहेत.

पावसाळा लागला आणि हिवतापाच्या बातम्या येऊ लागल्या, की मला कोणी ना कोणी विचारतेच: हे जंतू औषधांना दाद देत नाहीत असे म्हणतात, आणि आपल्याकडे तापावरच्या शेकडो वनस्पती आहेत, मग त्या का तपासत नाहीत? वनस्पती तपासल्या जातात. ही तपासणी नेमकी कशी होते आणि ‘अमुक पानांचा अर्क मलेरियावर प्रभावी’ अशी बातमी आल्यावर तिच्यातून किती अर्थ काढावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. अर्कांच्या चाचण्यांशी माझा जो काही संबंध आला, त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. ‘ही वनस्पती हिवतापावर चालते का?’ हा एक प्रश्न नसून प्रश्नांची लांब साखळी आहे, आणि तिची पहिली कडी त्या दुकानातल्या पुडीत आहे.

आधी ‘दाद न देणे’ म्हणजे काय ते पाहू. हिवतापाचा परजीवी प्लास्मोडियम डासाच्या चाव्यातून शरीरात येतो, यकृतात वाढतो आणि मग तांबड्या रक्तपेशींत शिरतो. तिथे तो पेशीतले हिमोग्लोबिन खातो. या खाण्यातून लोहयुक्त ‘हीम’ मागे उरते, आणि ते खुद्द परजीवीलाच विषारी असते. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी कण दिसतात ते हेच. क्लोरोक्विन हे औषध असे स्फटिक बनू देत नाही आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. कित्येक वर्षे या स्वस्त गोळीने मोठे काम केले. मग १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियाकडे तिला न जुमानणारे परजीवी आढळले. भारतात १९७३ मध्ये आसामात तशी पहिली नोंद झाली. या परजीवींच्या पचनपोकळीच्या आवरणातले एक प्रथिन बदललेले होते आणि ते आत आलेले क्लोरोक्विन बाहेर टाकत होते. औषध घरापर्यंत पोहोचत होते, पण आत टिकत नव्हते.

आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो; परजीवीच्या पोटातल्या हीममधले लोह तो पूल तोडते आणि त्यातून निघालेले अस्थिर तुकडे परजीवीच्या प्रथिनांवर तुटून पडतात. २००८ च्या सुमारास पश्चिम कंबोडियात असे रुग्ण दिसू लागले, की ज्यांच्या रक्तातून परजीवी नेहमीपेक्षा सावकाश नाहीसे होत होते. २०१४ मध्ये त्याचा संबंध ‘केल्च-१३’ या जनुकातल्या बदलांशी जोडला गेला, आणि पुढे तसे बदल आफ्रिकेत रवांडासारख्या देशांतही सापडले. असे बदल असलेला परजीवी पेशीत नुकताच शिरलेला, म्हणजे अंगठीसारखा दिसणारा, असतो त्या वयात हिमोग्लोबिन कमी खातो. खाणे कमी म्हणून मोकळे हीम कमी, आणि हीम कमी म्हणून औषधाचा पूलही कमी तुटतो. आर्टेमिसिनिनच्या गटातली औषधे रक्तात काही तासच टिकतात. तेवढा वेळ हा परजीवी जणू श्वास रोखून बसतो. त्यामुळे औषध अगदी निकामी ठरते असे नाही, पण त्याच्या जोडीला दिलेल्या दुसऱ्या औषधावर सगळा भार येतो.

या दोन्ही औषधांची मुळे वनस्पतींत आहेत, आणि वनस्पतींकडून असलेली आशा अनाठायी नाही ती याचमुळे. पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले, आणि पुढे त्याच्याच रासायनिक सांगाड्याशी नाते सांगणारे क्लोरोक्विन कारखान्यात तयार झाले. आर्टेमिसिनिन तर थेट आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ या दवण्याच्या भावकीतल्या वनस्पतीतून आले. चीनने १९६७ मध्ये मलेरियावरच्या औषधांचा शोध हाती घेतला होता. त्यात तू यूयू या संशोधिकेच्या गटाने जुन्या ग्रंथांतले उपचार गोळा करून प्राण्यांवर तपासायला सुरुवात केली. या वनस्पतीचे निकाल कधी चांगले येत, कधी अगदीच फसवे. चौथ्या शतकातल्या को हुंग यांच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली: मूठभर वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळावी आणि तो रस प्यावा. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण जात असावा असे ताडून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातले परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. पुढच्या वर्षी, रुग्णांना देण्याआधी, तू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण मात्र बहुतेक औषधी पाला सवयीने काढा करूनच घेतो, आणि चांगला काढा म्हणजे चांगला उकळलेला काढा अशी आपली समजूत असते; ती प्रत्येक वनस्पतीला लागू पडेलच असे नाही.

या चिनी कामातही पहिली अडचण नावाचीच होती. ‘छिंगहाव’ या तिच्या चिनी नावाखाली एकाहून अधिक जाती चालत, आणि त्यांपैकी खरा गुण कोणत्या जातीच्या, कोणत्या अवयवात आणि कोणत्या हंगामात असतो हे ठरवावे लागले. उत्तर निघाले: याच एका जातीची पाने. म्हणून आजही जबाबदार संशोधक अर्क काढण्याच्या आधी वनस्पतीचा फुलाफळांसह एक नमुना दाबून, वाळवून, कागदावर डकवून कायमचा जतन करायला देतो. या बाबतीत पुणे नशीबवान आहे. कोरेगाव पार्कात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे, आणि तिथल्या संग्रहात सह्याद्रीतल्या वनस्पतींचे लाखाहून अधिक नमुने कपाटांत रचून ठेवले आहेत. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज आघारकरांचे नाव असलेल्या संशोधन संस्थेतही असा संग्रह आहे. मुळशीच्या रानातून आणलेली फांदी तिथल्या जाणकाराच्या हाती दिली, की तो भिंगातून पुंकेसर पाहतो, पानाच्या मागची लव बोटाने चाचपतो आणि कधी कधी शांतपणे सांगतो, की तुम्ही समजता ती ही जात नव्हे. अशा वेळी महिन्याभराची मेहनत वाया जाते. ती तीन वर्षांनंतर वाया जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

आता अर्क. वाळवलेली पाने कुटून त्यांची भरड करतात आणि ती वेगवेगळ्या द्रावकांत भिजवतात. तेलकट द्रव्ये हेक्झेनमध्ये उतरतात, मधल्या प्रकृतीची एथिल अ‍ॅसिटेटमध्ये, आणि पाण्याशी सलगी असलेली मिथेनॉलमध्ये किंवा पाण्यात. मग निर्वात यंत्रावर, गरम पाण्यात फिरणाऱ्या गोल चंबूत, द्रावक हळूहळू उडवून लावतात. शेवटी काचेला चिकटून राहतो तो काळपट हिरवा, काकवीसारखा लगदा. वीस ग्रॅम पानांतून कधी दोन ग्रॅम निघतो, कधी अर्धाही नाही. तो चमचीने खरवडताना हाताला वास लागतो तो दिवसभर जात नाही. हा लगदा म्हणजे ‘अर्क’, आणि बातमीत ‘अर्काने परजीवी मारले’ असे येते तेव्हा ते एक औषध नसते. शेकडो द्रव्यांचा तो गोळा असतो.

परजीवी प्रयोगशाळेत वाढवता येतात ही सोय तशी अलीकडची. ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये माणसाच्या तांबड्या पेशींत फॅल्सिपॅरम जातीचा परजीवी सतत वाढवत ठेवण्याची पद्धत दाखवली, आणि कमी ऑक्सिजनसाठी त्यांनी बंद बरणीत मेणबत्ती पेटवून ती आपोआप विझू देण्याची साधी युक्ती वापरली. आज ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकात परजीवी असलेल्या पेशी घालतात आणि प्रत्येक खळग्यात अर्काचे प्रमाण निम्म्या-निम्म्याने कमी करत नेतात. काही खळग्यांत अर्क नसतोच, काहींत नुसते द्रावक असते, तर काहींत ठरलेले औषध. या तीन प्रकारच्या खळग्यांशिवाय कोणताही आकडा निरर्थक आहे, कारण परजीवी नुसत्या द्रावकानेही मरू शकतात. ७२ तासांनी डीएनएला चिकटून चमकणारा रंग घालून वाढ मोजतात, आणि ज्या प्रमाणाला वाढ निम्म्यावर येते त्याला ‘आयसी-५०’ म्हणतात. हा आकडा जितका लहान तितका अर्क जोरकस. साधारणपणे मिलिलीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत परिणाम दिसला तर संशोधकांचे कान टवकारतात.

आर्टेमिसिनिनचा हाच आकडा मिलिलीटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे हजार पटींनी लहान असतो. हे वाचून अर्क अगदीच दुबळा वाटेल. पण समजा, त्या ५ मायक्रोग्रॅम अर्कात खरे प्रभावी द्रव्य हजारात एक भागच असेल, तर ते झाले ५ नॅनोग्रॅम, म्हणजे थेट आर्टेमिसिनिनच्या तोडीचे. उलट, हा परिणाम अर्कातल्या दहा-वीस सामान्य द्रव्यांचा मिळून झालेला असेल, तर त्यांना वेगळे करताच तो विरून जातो. पहिल्या आकड्यावरून या दोन शक्यतांपैकी कोणती खरी हे सांगता येत नाही, म्हणून त्या आकड्याच्या बातम्या होऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

दाद न देणाऱ्या परजीवींचा खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. एकच अर्क दोन तबकांत घालतात: एकात औषधाला सहज बळी पडणारा वाण, दुसऱ्यात क्लोरोक्विनला पुरून उरणारा. क्लोरोक्विनचे आकडे या दोन वाणांत कित्येक पटींनी वेगळे येतात. अर्काचे आकडे दोन्हीकडे सारखे आले, तर परजीवीची ती बाहेर फेकणारी यंत्रणा या अर्कावर चालत नाही, अर्थात तो वेगळ्या वाटेने मारत असावा, असा तर्क करता येतो. अर्कही दुसऱ्या वाणावर तितकाच ढेपाळला, तर त्याने जुन्याच कुलपाला जुनीच किल्ली लावली आहे. नुसत्या पहिल्या वाणावर काम करून ‘दाद न देणाऱ्या मलेरियावर उपाय’ असा मथळा देणे चूक आहे, आणि तशी चूक पुष्कळदा होते.

आर्टेमिसिनिनच्या बाबतीत तर ही ७२ तासांची चाचणी अपुरीच पडते. वर सांगितले तसे, हा परजीवी केवळ अंगठीच्या वयात आणि काही तासच टिकून राहतो. तीन दिवस सलग औषधात ठेवला तर तोही मरतो, आणि दोन्ही वाणांचे आकडे जवळजवळ सारखे येतात. म्हणून २०१३ मध्ये एक वेगळी चाचणी पुढे आली: पेशीत शिरून तीन तासही न झालेले परजीवी निवडायचे, त्यांना ६ तासच औषधात ठेवायचे, मग औषध धुऊन काढायचे आणि ७२ तासांनी किती जगले ते मोजायचे. शंभरात एकापेक्षा जास्त जगले, तर तो वाण औषध सोसणारा समजतात. या वाणावर अर्क तपासायचा तर त्यालाही याच कसोटीवर उभे केले पाहिजे. हे काम किचकट आहे. परजीवींना एका वयाचे करून घेण्यातच दिवस जातात, आणि म्हणूनच ते वारंवार टाळले जाते.

मारण्याबरोबर न मारण्याचीही परीक्षा असते. तोच अर्क माणसाच्या निरोगी पेशींवर घालून पाहतात. परजीवीला मारणारे प्रमाण आणि पेशींना मारणारे प्रमाण यांत दहा पटींचेही अंतर नसेल, तर आपल्या हाती औषध लागलेले नसून साधे विष लागलेले असते. काही अर्कांतली साबणासारखी फेसाळ द्रव्ये तांबड्या पेशीच फोडतात. घरच फुटल्यावर परजीवी मरणारच, आणि कागदावर तो अर्क उत्तम दिसतो. गडद हिरवे आणि पिवळे अर्क चमकणाऱ्या रंगाचे मोजमापच बिघडवतात. हळदीतले कर्क्युमिन स्वतःच चमकते, प्रथिनांना अंदाधुंद चिकटते आणि शरीरात नीट शोषलेही जात नाही. तबकात ते अनेक रोगांवर गुणकारी दिसत आले आणि माणसात मात्र अपेक्षा पुरी करू शकले नाही, याचे कारण यात आहे. म्हणून यंत्राचा आकडा आल्यावरही काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून, गिम्साचा रंग देऊन, तेल टाकून, शंभरच्या भिंगाखाली डोळ्यांनी पाहावे. गुलाबी पेशीत निळी अंगठी आणि तिच्यावर माणकासारखा लाल ठिपका दिसला तर परजीवी शाबूत आहे. अंगठी आक्रसून काळा टिपका झाली असेल, तर अर्काने खरोखर काही केले आहे.

पुण्यातल्या रस्त्यांवर दिवाळीच्या आगेमागे उग्र वासाने लक्ष वेधून घेणारी सप्तपर्णी या साऱ्याचे बोलके उदाहरण आहे. तिची साल तापावर पूर्वापार वापरली जाते, आणि ब्रिटिश काळात ‘डिटा बार्क’ म्हणून ती क्विनीनला पर्याय मानली जात होती. सालीतले मुख्य अल्कलॉइड एकिटामीन वेगळे काढून परजीवींवर घातले, तेव्हा ते अगदीच सौम्य निघाले. तिच्याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका वृक्षातली जोडरेणूंची काही अल्कलॉइडे मात्र बरीच जोरकस ठरली. साल घेतल्याने ताप उतरल्याचा अनुभव खोटा होता असे यातून सिद्ध होत नाही. ताप उतरणे आणि परजीवी मरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि हिवतापाचा ताप तर स्वभावतःच चढउतार करणारा आहे.

तबकात टिकलेल्या अर्कापुढे शरीर हा आणखी मोठा डोंगर असतो. हिशेब मांडून पाहू. मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅम एवढे प्रमाण माणसाच्या सुमारे ५ लीटर रक्तात गाठायचे, तर रक्तात ५० मिलिग्रॅम अर्क हवा. आतड्यातून शंभरातला एकच भाग शोषला जातो असे धरले, तर तोंडाने ५ ग्रॅम अर्क घ्यावा लागेल, आणि पानातून दहा टक्के अर्क निघत असेल तर ५० ग्रॅम वाळलेली पाने. यकृत त्या द्रव्याचे जे तुकडे करील ते यात धरलेले नाहीत, आणि एवढी पाने दिवसातून कितीदा घ्यावी लागतील हेही नाही. दारुहळदीतले बर्बेरीन तबकात परजीवींना आवरते, पण तोंडाने घेतल्यावर रक्तात फारच थोडे पोहोचते. म्हणून उंदरांवर चार दिवसांची चाचणी करतात. तीही नैतिक समितीच्या परवानगीने, आणि हे लक्षात ठेवून, की उंदरांचा हिवताप करणारी परजीवीची जात माणसाच्या जातीहून वेगळी असते.

इतर परजीवींच्या चाचण्यांत पेच निराळे आहेत. बिहारमध्ये काळा आजाराचा लिश्मानिया परजीवी अँटिमनीच्या औषधांना जुमानेनासा झाला, तेव्हा तिथेही अर्कांचा शोध सुरू झाला. हा परजीवी माणसात पांढऱ्या पेशींच्या आत राहतो, पण प्रयोगशाळेत त्याचे रोग पसरवणाऱ्या वाळूमाशीच्या पोटातले मोकळे रूप वाढवणे फार सोपे असते, म्हणून पुष्कळ अर्क त्या रूपावरच तपासले जातात. गंमत अशी, की अँटिमनीची जी इंजेक्शने कित्येक दशके दिली गेली, त्यांचा या मोकळ्या रूपावर फारसा परिणाम होत नाही. नुसत्या या चाचणीवर विसंबलो असतो, तर ते औषध पहिल्याच दिवशी बाद झाले असते. पुरंदर-बारामतीकडच्या धनगरांच्या कळपांना छळणाऱ्या हिमोंकस या रक्त पिणाऱ्या जंताचेही तसेच. अल्बेंडॅझोल हे जंतांवरचे औषध पाजूनही लेंडीतल्या अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांनी खाली आली नाही, तर जंत औषध सोसू लागले असा संशय घेतात. अर्काने काचेतली अंडी उबली नाहीत म्हणून तो शेळीच्या पोटात चालेल असे नाही, कारण तिथे त्याला आधी रवंथाच्या कोठीतले लीटरच्या लीटर पाणी आणि तिथले जंतू भेटतात.

राहिला घरच्या काढ्याचा प्रश्न. आर्टेमिसियाची पाने चहासारखी घेण्याची जागतिक आरोग्य संघटना शिफारस करत नाही. पानांतले प्रमाण दर पिकाला बदलते, आणि अपुऱ्या मात्रेने नेमके सोशीक परजीवी मागे उरतात. गोळ्यांच्या जोडीने काढा घेण्यातही विचार हवा. ई जीवनसत्त्वासारखी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये प्रयोगांत आर्टेमिसिनिनचा जोर कमी करताना दिसली आहेत. पुण्यात पावसाळ्यातला थंडीताप हा डेंग्यूही असू शकतो, त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे रक्ततपासणी, आणि ती सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत होते. फॅल्सिपॅरम निघाला तर जोडऔषधांचा तीन दिवसांचा पूर्ण उपचार घ्यायचा, व्हायवॅक्स ही दुसरी जात निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने यकृतात लपलेल्या परजीवींसाठी १४ दिवसांच्या गोळ्याही संपवायच्या. आणि फॅल्सिपॅरमच्या रुग्णाला डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा बोटाला टोचून काचपट्टी करायला बोलावले, तर बरे वाटत असले तरी जायचे. आर्टेमिसिनिनला कमी दाद देणारे परजीवी कुठे उगवत आहेत याचा पहिला सुगावा तिसऱ्या दिवशीच्या त्या थेंबातच लागतो, आणि उद्या एखादा अर्क ज्या वाणावर तपासायचा, तो वाणही अशाच कुणा रुग्णाच्या रक्तातून प्रयोगशाळेत येतो.